तिसरं कडवं

माघ सरत आला की सोलापुरात कडब्याच्या गाड्या दिसायला लागतात. विजापूर रोडनं ट्रॅक्टर येतो, ट्रॉलीच्या दुप्पट रुंद कडबा लादलेला. मागची वाहनं हॉर्न देऊन दमतात, आणि ट्रॉली गेली की रस्त्यावर वाळल्या पानांची एक रेघ उरते. मी स्कूटीवर असले तर त्या रेघेवरून थोडा वेळ मुद्दाम हळू जाते. कडब्याचा गोडसर वास नाकात शिरला की माझे तळहात खाजायला लागतात. जोंधळा उपटून वीस वर्षं झाली असतील, पण हात काही विसरले नाहीत.

यंदा त्या वासाबरोबर गाणंही आलं.

माझी मुलगी अनू सातवीत आहे. एका संध्याकाळी मी कचेरीतून आले तर ती आरशापुढं उभी, मोबाईल तेलाच्या बाटलीला टेकवून ठेवलेला, आणि स्वतःची वेणी स्वतःच्याच मुठीत. मोबाईलमधून ढोल वाजत होता. ‘हाण’ असा शब्द आला की ती वेणीला हिसका द्यायची, मान मागं जायची, मग दोन पावलं फरफटल्यासारखी चालायची आणि पुन्हा हिसका. सगळ्या मुली असंच करतात म्हणाली. त्या नाचाची ती खूणच आहे.

मी दारात चप्पल काढता काढता थांबले. ते गाणं मला येत होतं. शब्दन् शब्द येत होता.

तेव्हा मला पहिल्यांदा काय वाटलं ते खरं सांगते. मला अभिमान वाटला. मी पर्स टाकली आणि अनूला म्हणाले, “अगं, हे माझं गाणं आहे.” ती हसली. मग मी तिला पहिली दोन कडवी न अडखळता म्हणून दाखवली आणि सांगितलं, की ज्या कडव्यावर तू वेणी ओढतेस ते तिसरं कडवं मी स्वतः रचलंय, कॉलेजात असताना. तिनं दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. मी कचेरीत सांगितलं. आमच्या भावकीतली पहिली बी.ए. मी, त्यामुळं अशा गोष्टी न सांगता मला राहवत नाही.

आई आता माझ्याकडंच असते. तिला घेऊन नवी पेठेत पातळ घ्यायला गेले तर दुकानाबाहेरच्या स्पीकरवर तेच. रिक्षावाला हँडलवर बोटं वाजवतोय, पिशव्या घेतलेल्या बायकांची चाल आपोआप त्या ठेक्यात पडलेली. माझीही पडली. आई मात्र माझ्या मागं दोन पावलं गप्प चालत होती. उन्हानं दमली असेल असं मला वाटलं.

*

मंद्रूपच्या पुढं आमचं गाव. काळी जमीन, मालदांडी जोंधळा, माणसापेक्षा उंच. काढणी सावडीनं चालायची, म्हणजे आज सगळ्या बायका माझ्या रानात, उद्या तुझ्या. प्रत्येकीनं चार-चार ओळींचा पट्टा धरायचा, त्याला पात म्हणतात. जोंधळा कापायचा नाही, मुळासकट उपटायचा. बायका लुगड्यावर नवऱ्याचा जुना फुलबाहीचा शर्ट चढवायच्या, नाहीतर पानं मनगट सोलून काढतात. तळहाताला चिंध्या बांधायच्या. सकाळी दहिवरानं शर्ट ओले, दुपारी तेच शर्ट घामानं ओले. उपटलेलं धाट पायावर आपटलं की मुळांची काळी माती फुटून नाकातोंडात जायची. बांधावर जेवायला बसलं की भाकरी, शेंगाचटणी आणि दाताखाली करकरणारी ती माती.

एकेक धाट उपटत दिवस काढायचा तर हाताला ठेका लागतो. तो ठेका माझी आई द्यायची. तिची पात मधली असायची. ती एक ओळ टाकायची आणि बाकीच्या बायका एका सुरात ‘हाण की दादा हाण’ म्हणायच्या. त्या ‘हाण’वर वीस बायकांचे हात एकदम मागं जायचे, आणि वीस धाटं मुळं दाखवत बाहेर यायची. तो आवाज अजून कानात आहे. जमिनीनं दात सोडावेत तसा.

इंदी निघाली माहेराला
हाण की दादा हाण
पहाटं उठून न सांगता कुनाला
हाण की दादा हाण
मधल्या वड्यात गाठली तिला
हाण की दादा हाण
बोचकं सुटलं, चुडा फुटला
हाण की दादा हाण

मी पहिली-दुसरीत असल्यापासून हे गाणं ऐकत होते. शाळेच्या वाटेवर म्हणायचो, झोका घेताना म्हणायचो, पाढे पाठ करताना त्याच चालीवर म्हणायचो. बे एके बे, हाण की दादा हाण. इंदी म्हणजे कोण, असं कुणी विचारलं नाही. गाण्यातल्या राणीला कोण विचारतं ती कुठल्या गावची म्हणून? तशीच ही गाण्यातली इंदी.

आईच्या उजव्या हाताची पात नेहमी अक्कलकोटच्या काकीची. आमच्याकडं लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात. कुंभारीची, मंद्रूपची, अक्कलकोटची. माझी आई अजूनही गावात ‘वळसंगची’ आहे. बाईचं स्वतःचं नाव लग्नाच्या अक्षतांबरोबर कुठंतरी सांडून जातं आणि ते कुणी वेचत नाही. अक्कलकोटची काकी कानडी हेल काढून मराठी बोलायची, मला लाडानं ‘यव्वा’ म्हणायची, तिच्या फडक्यात माझ्यासाठी गुळाचा खडा असायचा. भर उन्हात बाकीच्या बायका पदर कमरेला खोचायच्या, ही डोक्यावरचा पदर कधी ढळू द्यायची नाही. आवाज खणखणीत. ‘हाण’ तिचा सगळ्यांत वर.

*

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी लोकगीताच्या स्पर्धेत मी हे गाणं म्हटलं. खेड्यातून आलेल्या मुलींना वर्गात तोंड उघडायची चोरी होती. मी ‘आहे’ला ‘हाय’ म्हटलं की मागच्या बाकावर हसू फुटायचं. स्टेजवर मात्र तेच ‘हाय’ त्यांना हवं होतं. मला ते बरोबर कळलं होतं. गाणं दोनच कडव्यांचं, लवकर संपत होतं, म्हणून आदल्या दुपारी होस्टेलच्या जिन्यात बसून मी तिसरं कडवं रचलं.

केसांचा कासरा हातात धरला
हाण की दादा हाण
वड्यापासनं चुलीपतूर नांगर फिरला
हाण की दादा हाण

कासरा म्हणजे बैलाचा दोर. केसांचा कासरा, बाईचा नांगर. काय उपमा आहे म्हणून मीच माझ्यावर खूश. सभागृहानं ते कडवं तीनदा म्हणायला लावलं. मागच्या बाकावरची मुलं बाकं बडवत होती, पुढच्या रांगेतल्या प्राध्यापक बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या. एक परीक्षक म्हणाले, ही अस्सल मातीतली ठसक आहे. मला कप मिळाला. कवी कोण, या रकान्यात मी ‘पारंपरिक’ असं लिहिलं होतं. तो कप आजही हॉलमधल्या शोकेसमध्ये आहे, पितळेचा, दर दिवाळीला मी घासते.

त्या गर्दीत अकलूजकडचा कुणी ऑर्केस्ट्रावाला होता. त्यानं वहीत शब्द उतरवून घेतले एवढं मला आठवतं. पुढं ते गाणं बँडवर गेलं, बँडवरून डीजेवर, डीजेवरून माझ्या मुलीच्या मोबाईलमध्ये. वाटेत कुणी त्याला अडवलं नाही. का अडवतील? चाल अशी आहे की शब्दांखाली बघायला वेळच देत नाही.

आजकाल गाण्यांच्या शब्दांवरून लोक चिडतात, वरातीतल्या गाण्यांना नावं ठेवतात. मीही ठेवते. कचेरीत डबा खाताना मी कितीदा म्हटलंय, काय ही गाणी, आमच्या वेळी असं नव्हतं. आणि डबा धुताना तोंडात काय असायचं, तर हाण की दादा हाण.

*

रविवारी माझ्या घरी गावाकडची माणसं फॉर्म भरायला येतात. रेशन कार्डातलं नाव, शिष्यवृत्ती, निराधार पेन्शन. एजंटाकडं जायची त्यांना भीती वाटते, माझ्याकडं वाटत नाही. मी फॉर्म भरते, सही येत नसेल त्यांचा अंगठा उठवून घेते, आणि शेजारी साक्षीदार म्हणून माझी सही करते. सही मी ठसठशीत करते, पुढं बी.ए. लिहिते. लिहायची गरज नसते, तरी लिहिते.

मागच्या रविवारी अक्कलकोटची काकी आली. काका दिवाळीच्या आधी गेले, तिला निराधार पेन्शनचा अर्ज करायचा होता. पाठीत वाकलीय, पण पदर डोक्यावर तसाच. तिनं आल्या आल्या अनूच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. आईशी तिचं कानडीत काहीतरी बोलणं झालं, दोघी हसल्या. आई चहा ठेवायला आत गेली, अनू तिच्या खोलीत गेली. काकीनं कमरेची पिशवी सोडून आधार कार्ड माझ्या हातात दिलं.

मी पेनाचं टोपण काढलं. अर्जदाराचे संपूर्ण नाव. कार्ड बघून लिहायला लागले.

इंदुबाई.

पेन तिथंच थांबलं. मी कार्डाकडं बघितलं, मग काकीकडं. ती भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती. चाळीस वर्षं मी या बाईला ओळखते, तिचा गूळ खाऊन मोठी झाले, आणि तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. खरं तर होतं. माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. स्टेजवर माइक हातात धरून मी ते नाव घेतलं होतं.

“काकी, तुझं नाव…”

“इंदुबाई. का गं, चुकलंय व्हय कारडात?”

“नाही,” मी म्हणाले आणि उठून स्वयंपाकघरात गेले.

आई आलं ठेचत होती. मी हळू आवाजात विचारलं, “गाण्यातली इंदी म्हणजे ही?”

तिनं बत्ता थांबवला नाही. “मग आनि कोन?”

“तुला ठाऊक होतं?”

“गानं मीच केलं. मला ठावं नसंल व्हय?”

आई बोलत होती तशी मला ती सकाळ दिसत गेली. काकी पहाटे माहेरी निघाली होती, नवऱ्यानं ओढ्यात गाठून परत आणली, गाल सुजलेला, हातात एक बांगडी नाही. दोन दिवसांनी ती काढणीला आली तर तिच्या शेजारची पात कुणी धरेना. नवऱ्याला टाकून निघालेली बाई. बांधावर तिला कुणी पाणी देईना.

“मग मी तिच्या शेजारची पात धरली,” आई म्हणाली, “आनि गानं सुरू केलं. अक्कलकोट चालीत बसंना. इंदी बसलं. पयल्या दिवशी ती गप. दुसऱ्या दिवशी तीच वरडून ‘हाण’ म्हनाली. बायका हसल्या. झालं सुरळीत सगळं.”

“आई, तिला मारा म्हणून तिच्यासमोर गात होता तुम्ही.”

“आमी जोंधळा उपटत व्हतो,” आई म्हणाली. मग आलं चहात टाकून, माझ्याकडं न बघता, “तू शिकलेली हायस. तुला शिकलेल्या बाईसारखं दिसतंय. मला तिला वळीत घ्यायचं व्हतं. दुसरं काय करायला पायजे व्हतं, तू सांग.”

मला राग आला. आईचा आला, वीस बायकांचा आला, आणि त्या रागाच्या पाठोपाठ तिसरं कडवं आलं. आईनं निदान कारणासाठी रचलं होतं. मी टाळ्यांसाठी रचलं होतं.

“तिला तुजं कडवं सांगू नगंस,” आई म्हणाली. “उगा म्हाताऱ्या बाईच्या जिवाला घोर.”

*

चहा घेऊन बाहेर आले तर शेजारच्या गल्लीत हळदीचा मांडव होता, आणि तिथला स्पीकर सुरू झाला होता. हळदीत हे गाणं लागायचंच. मी खिडकी लावायला उठले.

“ऱ्हाऊ दे की,” काकी म्हणाली. “वारं येतंय.”

ती बशीतून चहा पीत होती. पहिलं कडवं झालं. दुसरं झालं. तिचं एक बोट बशीच्या काठावर ठेका देत होतं, अगदी बारीक. मी फॉर्ममधला पत्ता लिहायला लागले.

“तुज्या आईची चाल लई चांगली,” ती म्हणाली. “मुंबैला बी वाजती म्हनं.”

“काकी, तुला वाईट नाही वाटत?”

“पयल्यांदा वाटलं. मग हाताला सवय झाली.” तिनं बशी खाली ठेवली. “ह्ये फुडचं मातुर आमच्यातलं न्हाय बग.”

तिसरं कडवं लागलं होतं. मांडवातल्या पोरींचा ओरडा ऐकू येत होता. केसांचा कासरा.

“पाच-सा वरसं झाली आसतील,” ती म्हणाली, “गावात वरात व्हती, तवा ह्ये कडवं पयल्यांदा ऐकलं. हातातलं ताट खाली ठिवलं मी. म्हटलं, ह्येला कसं कळलं?”

“काय कळलं?”

तिनं अनूच्या खोलीच्या बंद दाराकडं बघितलं. मग डाव्या कानाच्या वर पदर थोडा मागं सारला. तळहाताएवढी जागा होती तिथं. केस नव्हते. कातडी गुळगुळीत होती आणि चमकत होती.

“मार सगळ्यांला ठावं व्हता. गाल सुजल्याला दिसतोच की. पन वड्यापासनं घरापतूर केसाला धरून वढत आनलं, त्ये मी कुनाला सांगितलं न्हाय. तुज्या आईला बी न्हाय. लाज वाटली. झुंजूमुंजू व्हतं, वाटंला चिटपाखरू न्हाय.” तिनं पदर परत पुढं घेतला. “आनि गान्यात तंतोतंत. वड्यापासनं चुलीपतूर. चुलीम्होरंच सोडलं व्हतं मला.”

होस्टेलचा जिना, दुपारचं ऊन, वहीच्या मागच्या पानावर ‘धरला’ला जुळणारा शब्द शोधणारी मी. ‘सरला’, ‘भरला’, ‘फिरला’.

“तवापासनं मी इचार करती, कोन आसंल? कुनीतरी बगितलं की. झाडामागं थांबून बगितलं आसंल, भ्यालं आसंल, गप बसलं आसंल. पन बगितलं. आनि मनात ठिवलं, मग कवातरी गान्यात घातलं.” ती जराशी हसली. “तुला येडं वाटंल यव्वा. पन ह्ये कडवं लागलं की मला बरं वाटतं. एक मानूस हाय कुटंतरी, ज्याला ठावं हाय.”

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. तिनं मान हलवली. नको.

आता इथं गप बसणं सोपं होतं. चांगुलपणाचंही वाटलं असतं. म्हातारीचा एवढासा आधार, कशाला काढून घ्या? पण ती माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर बसून माझ्याच समोर त्या माणसाला शोधत होती, आणि शोकेसमध्ये तिच्या डोक्यामागं तो कप होता. गप बसले असते तर मी चौथं कडवं रचल्यासारखंच झालं असतं.

“काकी,” मी म्हणाले, “ते कडवं मी केलं.”

“तू?”

“कॉलेजात. स्पर्धेसाठी. कुणी बघितलं नव्हतं गं. मी आपलं रचलं. हसायला.”

ती माझ्याकडं बघत राहिली. रागावली असती तर मला चाललं असतं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती मनातल्या मनात ती वाट पुन्हा चालून आली असावी, ओढ्यापासून घरापर्यंत, एकेका झाडामागं बघत.

“मग कुनीच न्हवतं व्हय,” ती म्हणाली.

मांडवातलं गाणं संपलं आणि परत पहिल्यापासून लागलं. कुणी तरी तसं सांगितलं असेल. आई आत निघून गेली. मी माफी मागितली का, तर मागितली. ती ऐकत होती असं वाटलं नाही. मग तिनं बशी कपाखाली सरकवून ठेवली आणि फॉर्मकडं बोट केलं.

“लिही फुडं. चारची यष्टी हाय.”

मी लिहिलं. वय, गाव, पतीचे नाव, मृत्यूचा दिनांक. मग शाईचा पॅड पुढं केला. तिनं अंगठा टेकवला, उचलला, पदराला पुसला. कागदावर निळा ठसा उमटला, रेघा अगदी स्पष्ट. इतक्या वर्षांच्या काढण्या झेललेला अंगठा आहे तो, त्याच्या रेघा अजून शाबूत कशा, याचंच मला नवल वाटत होतं. मुद्दाम त्याचंच वाटून घेत होते बहुतेक.

कारण ठशाच्या शेजारी रकाना होता. साक्षीदार. नाव आणि सही.

मी पेन टेकवलं. पुढं सरकेना.

काकी वाकून बघत होती. तिला वाचता येत नाही, पण त्या जागी मी काय करते हे गावातल्या सगळ्यांना माहीत आहे.

“कर की,” ती म्हणाली.